टपाल तिकिटांचा छंद : पोरांना तिकीट द्या, पण पाकिटासकट

करवीर टपाल

मे महिन्याची सुट्टी लागली की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "पोराला तिकिटं जमवायची गोडी लावायचीय, कुठलं पॅकेट घेऊ?" पॅकेट म्हणजे ते 'शंभर देश, शंभर तिकिटं' वालं. माझं उत्तर ठरलेलं आहे : कुठलंच घेऊ नका.

त्या पॅकेटमध्ये बहुतेक वेळा अजमान, फुजैरा, शारजा अशा आखाती अमिरातींची साठ-सत्तरच्या दशकांतली तिकिटं निघतात. मोठी, चकचकीत, वर घोडे, फुलपाखरं, अंतराळवीर. त्यातली कित्येक टपालासाठी छापलेलीच नव्हती, संग्राहकांना विकायला छापली होती. कोपऱ्यातला गोल शिक्काही छापखान्यातच उमटलेला असतो. मागचा गोंद शाबूत आणि पुढे शिक्का, असं तिकीट दिसलं की समजावं, हे कुठल्याही पत्रावर बसलेलं नाही. पोरगं ते चार दिवस बघतं आणि पाचव्या दिवशी अल्बम कपाटात जातो. विचारावं असं त्या तिकिटात काही नसतंच.

सुरुवात घरातून करा. आजीची ट्रंक, दुकानाच्या माळ्यावरची जुनी पत्रं, मुंबईला गिरणीत असलेल्या मामांची पाकिटं, गल्फमधून आलेली पत्रं. या सगळ्यावर तिकिटं आहेत, शिक्के आहेत, तारखा आहेत, हस्ताक्षर आहे. मुलाला फक्त भिंग द्या आणि विचारा : हे कुठून निघालं? कधी निघालं? किती दिवसांत पोचलं? त्या वेळी पाकिटाला किती पैसे पडायचे? १ एप्रिल १९५७ च्या आधीचं असेल तर आणे दिसतील, नंतरचं असेल तर नये पैसे. हा फरक शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपतो, पण पणजोबांच्या पत्रावर बघितलेला विसरत नाही.

दुसरं, विषय धरून जमवायचं असेल तर कोल्हापूरचाच विषय घ्या. राजर्षी शाहू महाराजांचं तिकीट १९७९ चं. कर्मवीर भाऊराव पाटील १९८८ (जन्म कुंभोजचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला). वि. स. खांडेकर १९९८. व्ही. शांताराम २००१, त्यांच्या जन्मशताब्दीचं. शिवाजी महाराजांचं १९६१ चं आणि राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हाचं १९७४ चं. यातलं एकही दुर्मीळ नाही, शाळकरी पोराच्या खिशाला झेपतील अशी आहेत. शाहू महाराजांच्या तिकिटाशेजारी १९६६ चं डॉ. आंबेडकरांचं तिकीट लावायचं आणि खाली, हे दोघे जिथं एका व्यासपीठावर आले त्या १९२० च्या माणगाव परिषदेबद्दल मुलानं स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहायच्या. त्या चार ओळींसाठी त्याला वाचावं लागतं, घरात विचारावं लागतं, जमलं तर हातकणंगले तालुक्यातलं ते गाव बघून यावं लागतं. मला या छंदातलं शिक्षण दिसतं ते इथं.

तुमच्याकडे घरात काय आहे ते सांगा.

गूळपेढी

दादा, तुमचं इथलं लिखाण वाचून माळ्यावर चढलो. आमची शाहूपुरीत गुळाची आडत होती, आता चुलतभाऊ मार्केट यार्डात बसतो. जुन्या पेढीतली तार सापडली. नवीन पोरांसाठी सांगतो : पूर्वी आलेलं पत्र वाचून झालं की पेढीवर टांगलेल्या लोखंडी तारेत खोचायचे. वर्षाची पत्रं एका तारेत. प्रत्येक पत्राच्या मधोमध एक गंजलेलं भोक आहे.

राजकोट, अहमदाबाद, भावनगर इकडून आलेली कार्डं आणि पाकिटं आहेत, बरीचशी गुजरातीत. एका पाकिटावर नेहमीच्या तिकिटाच्या बाजूला ५ पैशांचं कुटुंबनियोजनाचं छोटं तिकीट आहे, आणि त्याच्यावर काळ्या शाईत 'शरणार्थी सहायता' असं मारलंय. शिक्का नोव्हेंबर ७१ चा दिसतो. हे काय आहे? आणि सगळी तिकिटं पाण्यात घालून काढून घेऊ का? पाकिटं फार मळलीत.

करवीर टपाल

थांबा! पाण्याला हातही लावू नका.

बांगलादेश युद्धाच्या आधी पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित भारतात आले. त्यांच्या मदतीसाठी सरकारनं १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर ५ पैशांचा जादा आकार लावला. नवीन तिकीट छापून येईपर्यंत हाताशी असलेल्या कुटुंबनियोजनाच्या ५ पैशांच्या तिकिटावर छाप मारून काम भागवलं, काही शहरांत तर हे छाप तिथल्या तिथं मारून घेतले. निर्वासितांचं चित्र असलेलं खास तिकीट १ डिसेंबरला आलं. हा जादा आकार ३१ मार्च १९७३ पर्यंत चालू होता.

आता बघा, हे तिकीट सुटं काढलंत तर ते एक स्वस्त, छाप मारलेलं तिकीट. पाकिटावर ठेवलंत तर राजकोटचा व्यापारी कोल्हापूरच्या आडत्याला गुळाचे पैसे किंवा भाव कळवताना निर्वासितांसाठी पाच पैसे देत होता, आणि अजून युद्ध जाहीर व्हायचं होतं, हे सगळं एका कागदावर राहतं. शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर असतो. तिकीट सोडवलं की तारीख एकीकडे आणि गाव दुसरीकडे जातं.

तारेचं भोकही राहू द्या. पत्र पेढीवर पोचलं, वाचलं गेलं, जपलं गेलं याचा पुरावा आहे तो.

उदय

मी इचलकरंजीचा. लहानपणी मीही जमवायचो, म्हणून मनापासून विचारतो. आता घरी येतं काय? बँकेचं पाकीट, त्याच्यावर बारकोडचं स्टिकर. रजिस्टर्ड पोस्टसुद्धा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. तिकीट लावलेलं पत्र माझ्या मुलीनं अजून पाहिलेलं नाही. जी वस्तू वापरातून गेली तिचा संग्रह मुलांनी का करावा? नाण्यांचं, नोटांचं तसं नाही, त्या रोज हातात असतात.

गणिताच्या बाई

उदय, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी सातवी-आठवीला गणित शिकवते आणि वर्गात तिकिटं वापरते, म्हणून माझ्यापुरतं सांगते.

मोठ्या संख्या शिकवताना मी १९२३ ची जर्मन तिकिटं नेते. पहिल्या महायुद्धानंतर तिथं चलनवाढ एवढी झाली की छापखान्याला नवीन आकडे छापायला उसंत नव्हती. २०० मार्काचं तिकीट घेऊन त्याच्यावर '२० लाख' असा काळा छाप मारला. काही महिन्यांत गाडी ५० अब्ज मार्काच्या तिकिटापर्यंत गेली. १९२२ च्या सुरुवातीला साध्या पत्राला २ मार्क पुरत होते. मुलांना मी विचारते, ५० अब्ज म्हणजे किती कोटी? शून्यं मोजायला लागतात, भांडतात, फळ्यावर येऊन लिहितात. पाच हजार कोटी! मग कुणीतरी विचारतंच, "बाई, मग त्या लोकांच्या बँकेतल्या पैशांचं काय झालं?" हा प्रश्न माझ्या पुस्तकात नाही, पण तो पडला की चलनवाढ समजावून सांगायला मला वेगळा तास लागत नाही.

आणि करवीरदादांच्या मुद्द्याला जोड : ही तिकिटं न वापरलेली असली तर अगदी स्वस्त मिळतात, कारण ढिगानं उरली. खरोखर त्या आठवड्यांत पत्रावर लागून गेलेली महाग असतात, आणि म्हणून त्यांच्यावर खोटे शिक्के मारणारेही निघाले. वापरलेलं तिकीट कोऱ्यापेक्षा महाग कसं, हे मुलांना आधी पटत नाही. पटलं की मागणी-पुरवठा समजला.

दातऱ्यांचंही तसंच. तिकिटाच्या कडेला जी भोकं असतात त्यांचं माप '२ सेंटिमीटरमध्ये किती' असं काढतात. सारखी दिसणारी दोन तिकिटं, एकाच्या दातऱ्या बारीक, एकाच्या जाड. पट्टी ठेवून मोजायची, दशांशात लिहायचं. मोजमापाचा कंटाळा करणारी मुलंसुद्धा इथं डोळा बारीक करून बसतात.

वस्तू वापरातून गेली म्हणता, ते खरं. पण वीरगळ तरी कुठं वापरात आहेत? आपण मुलांना दाखवायला नेतोच ना.

उदय

बाई, जर्मनीचं माहीत नव्हतं. मुलीला दाखवतो. अशी तिकिटं जुन्या बाजारात मिळतात का बघावं लागेल.

करवीर टपाल

बाईंनी दातऱ्या सांगितल्या, मी जलचिन्ह सांगतो. हे घरच्या घरी करता येतं.

१९५७ ला नये पैसे आले तेव्हा भारताच्या नकाशाची तिकिटं निघाली. ठोकळ आकाराची, साधी, जुन्या पत्रांवर हमखास सापडणारी. सुटी, पत्रावरून आधीच निघालेली दोन-चार घ्या. काळ्या गुळगुळीत पाटीवर तिकीट उलटं ठेवा, किंवा खिडकीच्या उजेडासमोर तिरकं धरा. कागदाच्या आत फिकट आकृती दिसेल. काहींत तारे आहेत आणि काहींत अशोकस्तंभाचे सिंह. समोरून दोन्ही तिकिटं हुबेहूब तीच. ताऱ्यांचा कागद इंग्रजांच्या काळापासून चालत आलेला, तोच १९५७ ला वापरला, आणि वर्षभरात सिंहांचा कागद आला. स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं झाली तरी तिकिटाच्या कागदात जुनी खूण राहिली होती, हे दहा-बारा वर्षांचं पोर स्वतः शोधून काढतं. त्याला कुणी सांगायची गरज नसते, आणि सांगूही नये.

नाद खुळा कोल्लापूर

भावा, माझा प्रश्न वेगळा हाय. आमचं घर कुंभार गल्लीकडं. २०१९ ला पाणी आलं तवा वडिलांचे अल्बम खालच्या कपाटात हुते. नंतर वाळवले, पण कोरी तिकिटं पानाला गच्च चिकटल्यात. वडील रोज ते अल्बम उघडून बघत्यात आनि परत ठिवत्यात. २०२१ ला मातर आधीच वर नेऊन ठेवले. चिकटलेल्याचं काय करता यील का? वडलांसाठी इचारतोय.

करवीर टपाल

दादा, आधी वडिलांना सांगा की ओढून काढायचं नाही. ओढलं की तिकीट पातळ होतं किंवा फाटतं, मग काहीच उरत नाही.

वापरलेली, म्हणजे शिक्का असलेली तिकिटं असतील तर पानाचा तेवढा तुकडा कापून कोमट पाण्यात सोडा. थोड्या वेळानं आपोआप सुटतात. टीपकागदावर पालथी घालून वाळवा, वर जाड पुस्तक ठेवा. रंगीत कागद असेल तर वेगळ्या वाटीत, नाहीतर रंग उतरून तिकिटाला लागतो. अलीकडची स्टिकरसारखी तिकिटं मात्र पाण्यानं सुटत नाहीत, ती कागदासकट कापून ठेवायची.

कोऱ्या तिकिटांना पाणी लावलं की मागचा गोंद जातो. जुने संग्राहक प्लास्टिकच्या बंद पिशवीत पान घालून फ्रीजरमध्ये काही तास ठेवतात. गार पडल्यावर गोंद कडक होतो आणि पातळ पात्यानं कडेकडेनं सोडवता येतं. प्रत्येक वेळी जमतंच असं नाही. एखाद्या साध्या तिकिटावर आधी करून बघा. आणि वडिलांना गोंदापेक्षा तिकीट प्यारं असेल तर सरळ पाण्यात सोडा. गोंद गेलेलं पण अखंड तिकीट अल्बममध्ये छान राहतं. बाजारभाव कमी होईल, पण तो संग्रह विकायला थोडाच आहे.

इतरांसाठीही : आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा दमट असते. अल्बम आडवे एकावर एक रचू नका, उभे ठेवा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या बदलत जा. साध्या प्लास्टिकच्या मऊ खिशांत तिकिटं ठेवू नका, काही वर्षांनी ते प्लास्टिक चिकट होतं. आणि हात लावायचा तो चिमट्यानंच. बोटांचं तेल लागलं की पुढं तिथं पिवळा डाग उमटतो.

नाद खुळा कोल्लापूर

लई उपकार. रविवारी वडलांना घेऊन बसतो. कापून पान्यात सोडायचं म्हटल्यावर घाबरल्यात, पर बघू या म्हनाले.

सानिकाची आई

माझी मुलगी सहावीत जाईल. शाळेत कुणीतरी टपाल खात्याच्या शिष्यवृत्तीबद्दल सांगितलं. ती खरंच आहे का, आणि त्यासाठी महागडा संग्रह लागतो का?

गणिताच्या बाई

ताई, आहे. दीनदयाळ स्पर्श योजना, २०१७ ला सुरू झाली. सहावी ते नववीच्या मुलांसाठी, वर्षाला ६००० रुपये. शाळेत फिलाटेली (म्हणजे तिकीटसंग्रह) क्लब असावा लागतो किंवा मुलाच्या नावानं टपाल खात्यात फिलाटेली डिपॉझिट अकाउंट. ते २०० रुपयांत उघडतं, आणि मग नवीन तिकिटं त्यातून वळती होऊन घरी येतात. अभ्यासातही बरे गुण लागतात. आधी लेखी प्रश्नमंजूषा, मग निवडलेल्या मुलांना तिकिटांवर प्रकल्प करायचा असतो. अर्जाची तारीख दरवर्षी मुख्य पोस्टात विचारून घ्या.

महागडा संग्रह लागत नाही. प्रकल्पात विषय कसा उलगडला हे महत्त्वाचं. सानिकाला पिनकोडवर करायला सांगा की. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, संस्कृतचे कवी. आपला ४१६ कोल्हापूरपुरता नाही, सांगली ४१६४१६ आणि सावंतवाडी-मालवणही ४१६ मध्येच. टपाल वाटणीच्या सोयीनं आकडे दिलेत, त्याला जिल्ह्याची हद्द आडवी येत नाही. घरच्या पाकिटांवरचे शिक्के नकाशावर लावत गेलं की अर्धा प्रकल्प तिथंच होतो.

सानिकाची आई

खूप आभार बाई. अकाउंटचं सोमवारीच बघते.

शाहूपुरी ३री गल्ली

एक विचारू? माझ्याकडं आजोबांचा मोठा संग्रह आहे. भविष्यात याला भाव येईल का? नेटवर बघतो तर एकेका तिकिटाला लाखो रुपये.

करवीर टपाल

तुमच्या आजोबांचा संग्रह बघितल्याशिवाय आकडा सांगणं बरोबर नाही. सर्वसाधारण सांगतो.

लाखो रुपये मिळतात ते अपवादांना. १८५४ चं चार आण्यांचं तिकीट, ज्यात राणीचं डोकं उलटं छापलं गेलं. १९४८ चं गांधीजींचं, 'सर्व्हिस' छापलेलं, जे गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी निघालं आणि १०० च्या आसपासच छापलं गेलं. अशी तिकिटं ट्रंकेत सापडत नाहीत, आणि जी 'सापडली' म्हणून विकायला येतात त्यात खोट्यांचा भरणा असतो. स्वातंत्र्यानंतरची बहुतेक स्मारक तिकिटं लाखांच्या संख्येत छापली गेली. ती साठवून पैसे वाढतील असं कुणी सांगत असेल तर त्याला विकायचं आहे एवढंच समजा.

माझं स्पष्ट मत आहे की मुलांसमोर भावाची गोष्ट काढूच नये. एकदा किंमत डोक्यात शिरली की पोरगं तिकीट बघायचं सोडून आकडा बघायला लागतं. आजोबांनी वहीत काही नोंदी केल्यात का ते बघा. कुठलं तिकीट कुणी दिलं, कुणाशी अदलाबदल केली. अशी वही असेल तर ती संग्रहाबरोबरच ठेवा, वेगळी करू नका.

शाहूपुरी ३री गल्ली

वही आहे! निळ्या शाईत. आत्तापर्यंत नुसता हिशेब समजत होतो.

गूळपेढी

तारेतली अजून पत्रं बघितली. तळाला एक पोस्टकार्ड निघालं. त्याच्यावर इंग्रज राजाचं डोकं छापलंय, मुकुटवालं. मजकूर मोडीत. मला कळत नाही ते हे, की कोल्हापूर तर संस्थान होतं, आपले महाराज होते. मग कार्डावर इंग्रज राजा कसा?

करवीर टपाल

छान प्रश्न. काही संस्थानांनी स्वतःची तिकिटं काढली : हैदराबाद, त्रावणकोर, जयपूर, एवढंच काय, पुण्याजवळच्या भोरनंसुद्धा. कोल्हापूरनं टपालाची तिकिटं काढली नाहीत, इथं ब्रिटिश हिंदुस्थानचंच टपाल चालायचं. म्हणून कार्डावर इंग्रज राजा. पण कोर्टकचेरीचे आणि महसुलाचे स्टॅम्प मात्र कोल्हापूर दरबारचे होते. जुन्या जमिनीच्या कागदपत्रांवर ते सापडतील. पत्र पाठवताना इंग्रजांचा राजा आणि दावा लावताना आपला दरबार, असे दोन अधिकार एकाच घरातल्या कागदांवर दिसतात. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तोपर्यंतची ही गोष्ट.

मोडी वाचणारं कुणी आहे का इथं? गूळपेढी, दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो टाका.

मोडीवाचक

फोटो बघितला. अक्षर घाईचं आहे, पण बरंच लागतं. राधानगरीकडच्या शेतकऱ्यानं तुमच्या पेढीला लिहिलंय. आधी श्री आणि नमस्कार. मग : गाडी परवा निघेल, गूळ यंदा रंगाला बरा उतरला आहे, भाव पडता असेल तर लगेच काढू नये, मी स्वतः आल्यावर बोलू. शेवटी 'मुलाच्या पाटीपुस्तकास पैसे लागतात, तेवढे उचल म्हणून या गाडीवाल्याजवळ द्यावेत'. पुढचा शब्द तारेच्या भोकात गेला आहे. रकमेचा आकडा असावा.

गूळपेढी

वाचून घरात सगळ्यांना दाखवलं. थोरल्या काकांनी लगेच घराणं ओळखलं. त्यांच्या घरचा गूळ अजून चुलतभावाकडे येतो. या हंगामात गाडी आली की कार्डाची झेरॉक्स त्यांना देणार. मूळ कार्ड करवीरदादा सांगतील तसं ठेवतो.

करवीर टपाल

आम्लरहित कागदाच्या किंवा पॉलिस्टरच्या पारदर्शक खिशात, दोन्ही बाजू दिसतील असं. मोडीवाचकांनी लावलेला मजकूर देवनागरीत लिहून वेगळ्या कागदावर शेजारी ठेवा, कार्डावर पेन्सिलनंसुद्धा काही लिहू नका. आणि देवाणघेवाण झालीच तर त्या घरात त्यांच्या बाजूची, म्हणजे तुमच्या पेढीनं पाठवलेली कार्डं आहेत का ते जरूर विचारा.

गणिताच्या बाई

गूळपेढी, परवानगी असेल तर शाळा सुरू झाली की या कार्डाची आणि ७१ च्या पाकिटाची प्रत आठवीच्या वर्गात नेईन. नावं झाकून.

गूळपेढी

न्या की बाई. नावं झाकायचं मात्र काकांना विचारून सांगतो, त्यांना झाकलेली आवडणार नाहीत असं वाटतंय.